अनंत तुकड्यांची सांत बेरीज
(आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेतील एक गणित)

ज्येष्ठ शुद्ध पंचमी हा श्रुतपंचमीचा मंगल दिवस. त्या दिवशी मंदिरामंदिरांतून शास्त्रांची कपाटे उघडली जातात, ग्रंथांवरची धूळ झटकली जाते, जुनी वेष्टने बदलली जातात आणि चौरंगावर षट्खंडागमाची स्थापना होऊन अष्टद्रव्याने पूजन होते. आचार्य पुष्पदंत व आचार्य भूतबली यांनी जिनवाणी ग्रंथारूढ केली, त्या उपकाराचे हे स्मरण आहे. मात्र ज्या ग्रंथापुढे अर्घ्य चढविले जाते त्याच्या चौथ्या खंडात शंकूचे तुकडे कसे कापावेत, ते उलट-सुलट कसे जुळवावेत आणि कधीही न संपणाऱ्या तुकड्यांची बेरीज कशी करावी, याचा तपशीलवार हिशेब आहे, हे पूजकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी एका दिगंबर मुनीने तो हिशेब का मांडला आणि त्यातून काय सिद्ध केले, याचा हा अल्प परिचय.

षट्खंडागम आणि धवला

गिरनारच्या चंद्रगुहेत वास करणाऱ्या आचार्य धरसेनांनी आपल्यापाशी शिल्लक राहिलेले पूर्वज्ञान लुप्त होऊ नये म्हणून दोन मुनींना पाचारण केले व त्यांना ते शिकविले. हे दोन मुनी म्हणजे पुष्पदंत आणि भूतबली. त्यांनी रचलेली प्राकृत सूत्रे म्हणजे षट्खंडागम. जीवस्थान, क्षुद्रकबंध, बंधस्वामित्वविचय, वेदना, वर्गणा आणि महाबंध असे त्याचे सहा खंड आहेत. यांतील पहिल्या पाच खंडांवर आचार्य वीरसेनांनी प्राकृत आणि संस्कृत अशा मिश्र भाषेत जी विशाल टीका लिहिली, तीच धवला होय. तिचे प्रमाण बहात्तर हजार श्लोक मानले जाते. शके ७३८ म्हणजे इ. स. ८१६ मध्ये, राष्ट्रकूटांच्या राजवटीत ती पूर्ण झाली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. यानंतर वीरसेनांनी कषायप्राभृतावर जयधवला टीका आरंभिली. तिचे वीस हजार श्लोक झाल्यावर त्यांचा देहान्त झाला. उरलेले चाळीस हजार श्लोक त्यांचे शिष्य आचार्य जिनसेन यांनी लिहून इ. स. ८३७ मध्ये गुरूंचे कार्य तडीस नेले.

धवला हा काही गणिताचा ग्रंथ नव्हे. कर्म, जीव, गुणस्थान व मार्गणा हे त्याचे विषय. परंतु जीव किती, ते किती क्षेत्रात राहतात, किती काळ राहतात, असे प्रश्न आगमच विचारतो आणि त्यांची उत्तरे संख्येशिवाय देता येत नाहीत. जीवस्थान खंडातील क्षेत्रानुगम नावाच्या प्रकरणात कोणत्या गुणस्थानाचे जीव लोकाच्या किती भागात असतात याचा विचार आहे. मिथ्यादृष्टी जीव सर्व लोकात आहेत, असे सूत्र सांगते. मग प्रश्न येतो, लोक म्हणजे किती? त्याचा आकार कोणता आणि घनफळ किती? याच ठिकाणी वीरसेनांनी हातातील लेखणी गणिताकडे वळविली.

वादाचा विषय : लोकाचा आकार

पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या पुरुषासारखा लोकाचा आकार आहे, हे पाठशाळेतील मुलालाही ठाऊक असते. त्याची उंची चौदा रज्जू. तळाशी रुंदी सात रज्जू, ती कमी होत होत सात रज्जू उंचीवर, म्हणजे मध्यलोकी, एक रज्जू होते. पुन्हा वाढत ब्रह्मलोकाजवळ पाच रज्जू होते आणि शेवटी लोकाग्री परत एक रज्जू उरते. समोरून पाहिलेल्या आकृतीविषयी येथे वाद नव्हता. ती आकृती दक्षिणोत्तर कशी आहे, हा वादाचा प्रश्न होता.

वीरसेनांच्या पुढे अन्य आचार्यांचे एक मत होते. त्यानुसार लोक सर्व बाजूंनी वर्तुळाकार, मृदंगासारखा आहे. या मताप्रमाणे अधोलोक म्हणजे तळाशी सात रज्जू व माथ्याशी एक रज्जू व्यास असलेला, सात रज्जू उंचीचा शंकूछेद होतो. पाण्याची बादली उलटी ठेवल्यावर जसा आकार दिसतो, तसा. ऊर्ध्वलोक म्हणजे एकमेकांना रुंद तोंडाने जोडलेले, साडेतीन-साडेतीन रज्जू उंचीचे दोन लहान शंकूछेद.

दुसरीकडे परंपरा असे सांगत होती की, सात रज्जूंची एक जगश्रेणी, तिचा वर्ग म्हणजे जगप्रतर आणि तिचा घन म्हणजे घनलोक. सात गुणिले सात गुणिले सात म्हणजे तीनशे त्रेचाळीस घनरज्जू. लोकाचे घनफळ ३४३ असलेच पाहिजे. नाहीतर जीवांची व द्रव्यांची जी प्रमाणे याच मापावर आधारलेली आहेत, ती सगळी डळमळीत होतील. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की, मृदंगाकार लोकाचे घनफळ ३४३ भरते काय? दोन्ही गोष्टी परंपरेतूनच आलेल्या होत्या. एकीला सत्य मानायचे तर दुसरी तपासणे भाग होते. वीरसेनांनी ही तपासणी मोजून केली.

कापणे, उलगडणे, जुळविणे

आज दहावीच्या विद्यार्थ्याला शंकूछेदाच्या घनफळाचे सूत्र पाठ असते. वीरसेनांनी ते नुसते सांगितले नाही, तर आकृती कापत कापत वाचकाच्या डोळ्यांसमोर उभे केले. त्यांची रीत अशी.

प्रथम अधोलोकाच्या मधोमध एक रज्जू व्यासाचा, सात रज्जू उंचीचा सरळ खांब काढून घ्यावा. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून त्याला उंचीने गुणले की त्याचे घनफळ मिळते. आता जे उरले, ते एक पोकळ वेष्टन आहे. त्याची जाडी माथ्याशी शून्य आणि तळाशी तीन रज्जू. हे वेष्टन एका बाजूने उभे चिरून, गुंडाळलेली चटई उलगडावी तसे सरळ पसरावे.

पसरल्यावर त्याचे तीन भाग पडतात. मधला भाग पाचरीसारखा असतो. त्याची लांबी आतल्या खांबाच्या परिघाएवढी, जाडी वर शून्य आणि खाली तीन रज्जू. पाचर मध्यावर कापून वरचा तुकडा उलटा करून खालच्याला जोडला की दीड रज्जू जाडीचा ठोकळा होतो व त्याचे घनफळ सहज निघते. अडचण उरते ती दोन बाजूंच्या तुकड्यांची. हे दोन तुकडे चार तोंडांचे, वर टोकाशी आणि बाहेरच्या कडेशी दोन्हीकडे निमुळते होत गेलेले असतात. ते एकदा उलटे जोडून ठोकळा बनत नाही.

येथे वीरसेनांची बुद्धी खऱ्या अर्थाने प्रकट होते. बाजूचा प्रत्येक तुकडा उंचीच्या मध्यावर आडवा आणि रुंदीच्या मध्यावर उभा कापावा. असे केले की तीन तुकडे मिळतात. वरच्या टोकाकडे एक आणि बाहेरच्या कडेकडे एक, असे दोन तुकडे मूळ तुकड्याच्याच आकाराचे, पण लांबी, रुंदी, उंची सगळ्यांत निम्मे. तिसरा तुकडा मधला. त्याची जाडी एका कोपऱ्यात तीन रज्जू, शेजारच्या दोन कोपऱ्यांत दीड-दीड आणि समोरच्या कोपऱ्यात शून्य. डावीकडच्या बाजूलाही असाच मधला तुकडा निघतो. एकावर दुसरा अशा रीतीने उलटा ठेवावा की एकाचा जाड कोपरा दुसऱ्याच्या शून्य कोपऱ्यावर येईल. मग सगळीकडे जाडी तीन रज्जू होते. दोन वेडेवाकडे तुकडे मिळून एक नेटका ठोकळा तयार होतो.

आता उरले चार लहान निमुळते तुकडे. त्यांनाही तसेच कापावे. त्यांच्या मधल्या भागांतून दोन लहान ठोकळे निघतात आणि आणखी आठ सूक्ष्म तुकडे उरतात. त्यांना पुन्हा कापावे. कृती तीच, आकार मात्र दर वेळी निम्मा. ती कोठेही अडत नाही आणि कोठेही पूर्णपणे संपत नाही, कारण प्रत्येक वेळी काहीतरी निमुळते उरतेच.

एक-चतुर्थांशाची श्रेढी

मग हा हिशेब पुरा कसा व्हावयाचा? तुकडे अगणित असले तरी ते मनमानेल तसे लहान होत नाहीत. त्यांना नियम आहे. दर फेरीत ठोकळ्यांची संख्या दुप्पट होते. पण प्रत्येक ठोकळ्याची लांबी, रुंदी व जाडी निम्मी होत असल्याने त्याचे घनफळ एक-अष्टमांश होते. दोन गुणिले एक-अष्टमांश म्हणजे एक-चतुर्थांश. म्हणजेच दुसऱ्या फेरीतील सर्व ठोकळे मिळून पहिल्या ठोकळ्याच्या पाव, तिसऱ्या फेरीतील त्याच्याही पाव, चौथ्यातील आणखी पाव. गणिताच्या भाषेत ही भूमिती श्रेढी झाली, आणि तिचे गुणोत्तर १/४ आहे.

या श्रेढीची बेरीज किती, हे समजण्यास एक साधे उदाहरण पुरे. एका चौरस शेताची तीन भावांत वाटणी करावयाची आहे, पण मोजणारा फक्त चार समान भाग पाडू शकतो. त्याने शेताचे चार भाग केले, तीन भाग तिघांना दिले आणि चौथा राखून ठेवला. त्या चौथ्याचेही चार भाग केले, तीन वाटले, एक राखला. असेच पुढे चालू ठेवले. प्रत्येक भावाला पहिल्या वाटणीत शेताचा १/४, दुसऱ्या वाटणीत १/१६, तिसऱ्या वाटणीत १/६४ मिळाला. राखलेला तुकडा दर वेळी पाव होत होत नगण्य होतो आणि शेत तर तिघांत सारखेच वाटले जात आहे. तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला शेवटी एक-तृतीयांशच येणार. म्हणजे १/४, १/१६, १/६४ अशा न संपणाऱ्या पदांची बेरीज १/३ आहे. त्यात आरंभीचा पूर्ण १ मिळविला की १ १/३, म्हणजे ४/३.

याचा सर्वसाधारण नियम असा की, गुणोत्तर एकापेक्षा लहान असलेल्या भूमिती श्रेढीची बेरीज म्हणजे पहिले पद भागिले ‘एक वजा गुणोत्तर’. त्याचे कारणही सोपे आहे. संपूर्ण बेरजेला गुणोत्तराने गुणले की पहिले पद सोडून बाकीची सर्व पदे पुन्हा मिळतात. म्हणून संपूर्ण बेरजेतून हा गुणाकार वजा केला की केवळ पहिले पद उरते. गुणोत्तर १/४ असेल तर बेरजेच्या पाऊण भागाएवढे पहिले पद होते. म्हणजेच बेरीज पहिल्या पदाच्या ४/३ पट. गुणोत्तर एक किंवा त्याहून मोठे असेल, तर मात्र ही बेरीज कोठेच थांबत नाही.

हिशेबाचा निकाल

बाजूच्या दोन तुकड्यांतून निघालेला पहिला ठोकळा आजच्या दशांशांत मोजला तर सुमारे ४९.४८ घनरज्जूंचा भरतो. त्याच्या ४/३ पट, म्हणजे सर्व फेऱ्या मिळून, ६५ ११०/११३ घनरज्जू होतात. त्यात मधला खांब (सुमारे ५.७५) आणि पाचर (सुमारे ३४.४७) मिळविली की अधोलोक सुमारे १०६.१९ घनरज्जू येतो. याच रीतीने ऊर्ध्वलोकाचे दोन भाग मिळून सुमारे ५८.०५ होतात. संपूर्ण मृदंगाकार लोकाचे घनफळ वीरसेनांनी १६४ ३२८/१३५६ घनरज्जू असे सांगितले आहे.

या अंकांविषयी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परिघ काढण्यासाठी वीरसेनांनी जो नियम घेतला त्यात व्यासाची सोळा पट, अधिक सोळा, भागिले एकशे तेरा, अधिक व्यासाची तिप्पट, अशी मांडणी आहे. त्यातील अधिकचे सोळा वगळले तर परिघ व व्यास यांचे गुणोत्तर ३५५/११३ येते. हे मूल्य दशांशाच्या सहाव्या स्थानापर्यंत अचूक आहे. चीनमध्ये पाचव्या शतकात त्सू चुंगची यांनाही ते माहीत होते. अधिकच्या सोळांमुळे एक रज्जू व्यासाच्या वर्तुळाचा परिघ थोडा जास्त येतो. म्हणूनच वीरसेनांचे उत्तर १६४.२४ आले. आजच्या सूत्राने ते सुमारे १६१.२७ येते. फरक तीन घनरज्जूंचा आहे. पण निष्कर्षाला त्याने बाध येत नाही. १६४ काय किंवा १६१ काय, ३४३ च्या निम्म्यालाही ते पोहोचत नाही.

यावरून वीरसेनांनी प्रतिपादन केले की, लोक मृदंगासारखा गोल असू शकत नाही. समोरून दिसणारी आकृती तीच ठेवून दक्षिणोत्तर जाडी सर्वत्र सात रज्जू मानली, तर मात्र हिशेब बिनचूक जुळतो. अधोलोकाची सरासरी रुंदी चार रज्जू, उंची सात, जाडी सात, म्हणून १९६ घनरज्जू. ऊर्ध्वलोकाची सरासरी रुंदी तीन, उंची सात, जाडी सात, म्हणून १४७. दोन्ही मिळून ३४३.

एवढ्यावरच न थांबता त्यांनी संभाव्य आक्षेपालाही उत्तर दिले आहे. सात रज्जूंची ही जाडी करणानुयोगाच्या सूत्राला विरुद्ध नाही, कारण तेथे तिचे विधानही नाही आणि निषेधही नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. परंपरेत जे सांगितले आहे ते प्रमाण मानावे, जे सांगितलेले नाही तेथे युक्तीने निर्णय करावा, आणि युक्ती कोणती ते वाचकापुढे उघडपणे मांडावे, अशी ही भूमिका आहे. ज्याला उत्तर मान्य नसेल त्याने तुकडे पुन्हा कापून पाहावेत!

अनंताशी असलेली ओळख

अगणित तुकड्यांची बेरीज करताना वीरसेन बिचकले नाहीत, याचे एक कारण जैन परंपरेची अनंताशी असलेली जुनी ओळख हेही असावे. संख्यात, असंख्यात आणि अनंत असे मोजमापाचे तीन वर्ग परंपरेने मानले आहेत. असंख्यात व अनंत यांचे पुन्हा परीत, युक्त इत्यादी भेद आणि त्यांत जघन्य, मध्यम, उत्कृष्ट असे पोटभेद करून संख्येचे एकूण एकवीस प्रकार सांगितले आहेत. ‘मोजता येत नाही इतके पुष्कळ’ एवढ्या ढोबळ अर्थाने अनंत शब्द वापरण्याची रीत येथे नाही. नवी भर न पडता व्यय होत राहिला तरी जे कधी संपत नाही ते अनंत, असे लक्षण धवलेत मिळते.

एखादी संख्या किती वेळा निम्मी केली की एक उरतो, त्या वेळांना धवलेत अर्धच्छेद म्हटले आहे. सोळाचे अर्धच्छेद चार. तिनाने भागत गेल्यास त्रिकच्छेद, चाराने भागल्यास चतुर्थच्छेद. आजच्या लॉगरिदमचीच ही कल्पना आहे. सतत निम्मे करीत जाण्याची ही सवय ज्या विचारपद्धतीत मुरलेली होती, तिला शंकूछेदाचे निमुळते तुकडे पुनःपुन्हा निम्मे करणे अवघड वाटले नसणार.

तरीही अतिशयोक्ती टाळली पाहिजे. जैन दर्शनात आकाशाचा सर्वांत लहान अंश म्हणजे प्रदेश, आणि तो अविभाज्य आहे. एका रज्जूत असे असंख्यात प्रदेश असतात. म्हणून तात्त्विक दृष्टीने हे कापणे खरोखर अनंत चालेल की असंख्यात फेऱ्यांनंतर प्रदेशापाशी थांबेल, असा प्रश्न जिज्ञासू विचारू शकेल. हिशेब मात्र असा मांडला आहे की श्रेढीचे एकही पद बाहेर राहू नये. त्यातून येणारे उत्तर पूर्ण श्रेढीचेच आहे. वीरसेनांनी आधुनिक कलनशास्त्राचा शोध लावला, असे मात्र म्हणता येणार नाही. बेरीज ‘सीमेकडे जाते’ म्हणजे नेमके काय, याची काटेकोर व्याख्या युरोपात एकोणिसाव्या शतकात, कोशी या फ्रेंच गणितज्ञाच्या १८२१ च्या ग्रंथापासून रूढ झाली. वीरसेनांचे श्रेय वेगळे आहे. एका खऱ्या प्रश्नाच्या निर्णयासाठी त्यांनी न संपणारी प्रक्रिया निर्भयपणे वापरली आणि अचूकपणे पार पाडली.

अन्य देशी, अन्य काळी

हीच श्रेढी जगात इतरत्रही भेटते. ग्रीक गणितज्ञ आर्किमिडीज याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अन्वस्ताच्या खंडाचे क्षेत्रफळ काढताना त्यात त्रिकोण भरत नेले. दर पायरीचे त्रिकोण मिळून आधीच्या पायरीच्या पाव भरत होते, म्हणून उत्तर पहिल्या त्रिकोणाच्या ४/३ पट आले. त्याने अनंत पदांची बेरीज थेट केली नाही. उत्तर याहून अधिकही असू शकत नाही आणि कमीही असू शकत नाही, असे दाखवून त्याने ते सिद्ध केले. केरळातील नीलकंठ सोमयाजी यांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी आर्यभटीयाच्या भाष्यात नेमका हाच प्रश्न विचारला. पाव, त्याचा पाव, त्याचा पाव अशी भर पडत असता बेरीज तेवढ्यापर्यंतच कशी वाढते, आणि तेथपर्यंत पोहोचते तरी कशी? एक-तृतीयांश हे त्याचे उत्तर त्यांनी सयुक्तिक सिद्ध केले.

वीरसेनांच्या जवळच्या काळात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या आश्रयाने महावीराचार्यांनी सुमारे इ. स. ८५० मध्ये ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात सांत पदांच्या गुणोत्तर श्रेढीची बेरीज काढण्याचे नियम आहेत. धवला व गणितसारसंग्रह हे दोन ग्रंथ एकत्र पाहिले की, नवव्या शतकात दक्षिणेतील जैन मुनींमध्ये गणित किती जिवंत होते, याची कल्पना येते. गणितसारसंग्रहाचा लक्ष्मीचंद्र जैन यांनी केलेला हिंदी अनुवाद १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने प्रसिद्ध केला, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट आहे.

ताडपत्र ते छापील पान

हे सारे आज वाचता येते, यामागे एक दीर्घ कथा आहे. धवलेच्या ताडपत्रीय प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे जुन्या कन्नड लिपीत जपून ठेवलेल्या होत्या. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन घडे, वाचन मात्र घडत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे सेठ माणिकचंद यांनी मूडबिद्रीची यात्रा केली तेव्हा ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. त्यांनी सोलापूरच्या सेठ हिराचंद नेमचंद यांच्याशी विचारविनिमय केला. पुढे श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री व गजपती उपाध्याय यांच्याकडून प्रतिलिपीचे काम सुरू झाले. ते अनेक वर्षे चालले. त्याच काळात गजपती उपाध्याय यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साह्याने एक कन्नड प्रत गुप्तपणे तयार केली. ती पुढे सहारनपूर येथे लाला जंबूप्रसाद यांच्याकडे पोहोचली आणि तेथून नागरी प्रती हळूहळू देशभर पसरल्या. गुप्तपणाचा दोष कोणी देवो, कोणी न देवो, त्या प्रतीमुळे ग्रंथाचा मार्ग मोकळा झाला हे खरे.

विदिशेचे श्रीमंत सेठ शिताबराय लक्ष्मीचंद्र यांच्या दानातून ग्रंथमाला स्थापन झाली. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक असलेले डॉ. हिरालाल जैन यांनी संपादनाची धुरा वाहिली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे साह्य त्यांना लाभले. १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड बाहेर पडला. सोळा खंड पुरे होण्यास सुमारे वीस वर्षे लागली. क्षेत्रानुगमाचा चौथा खंड १९४२ मध्ये प्रकाशित झाला. लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी त्यासाठी धवलेतील गणितावर एक विस्तृत लेख लिहिला. त्या लेखामुळे वीरसेनांचे नाव भारतीय गणिताच्या इतिहासात दाखल झाले. म्हणजे हिशेब मांडला गेला इ. स. ८१६ च्या सुमारास आणि गणिताच्या अभ्यासकांना तो कळला १९४२ मध्ये. मधली अकराशे वर्षे तो ताडपत्रावर होता. सुरक्षित होता, पूजनीय होता, पण वाचला जात नव्हता.

दानाचे खरे फळ

समाजातील संस्थांच्या दृष्टीने या इतिहासाचा बोध मोठा आहे. वीरसेनांचे गणित आजवर टिकले, ते ताडपत्रे जपणाऱ्या मठामुळे. जगापुढे आले, ते लेखनिक, दाते, पंडित, प्राध्यापक आणि छापखान्यातील जुळारी अशा अनेकांच्या हातांमुळे. यांतील कोणा एकालाही ते सगळे करता आले नसते. दात्याला प्राकृत येत नव्हते, लेखनिकाला श्रेढीशी कर्तव्य नव्हते, आणि गणितज्ञाला कन्नड लिपीतील ताडपत्र वाचता आले नसते. प्रत्येकाने आपापल्या वाट्याचा भाग केला. एकाचे काम जेथे संपले, तेथून दुसऱ्याचे सुरू झाले.

शास्त्रदानाला चार दानांत स्थान आहे. मात्र ग्रंथ विकत घेऊन कपाटात ठेवल्याने ते दान पुरे होत नाही. तो कोणीतरी उघडून वाचावा लागतो. पुढच्या श्रुतपंचमीला षट्खंडागमाचे पूजन झाल्यावर पाठशाळेतील नववी-दहावीच्या मुलामुलींपुढे चौथा खंड उघडावा. मातीचा किंवा साबणाचा शंकूछेद करून त्यांच्या हाती सुरी द्यावी आणि वीरसेनांच्या रीतीने तो कापून पाहावयास सांगावे. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर तुकडे हातात धरता येणार नाहीत इतके बारीक होतील. पुढचे मुलांनी मनाने कापावे. बाराशे वर्षांपूर्वी एका मुनीनेही ते मनानेच कापले होते. पूजनाच्या अर्घ्याइतकीच ती श्रुताची सेवा ठरेल.